पास

दुसरीत होतो. शाळा मराठी, घर तेलुगू,
पोट कुठल्याच माध्यमाचं नव्हतं.
भर परीक्षेत उभा राहिलो, म्हणालो,
"बाई, पास."
हिंगमिरेबाई म्हणाल्या, "अरे, आधी पेपर तर लिही!"
वर्ग हसला. मग शहाबादी फरशीवर
व्हायचं ते झालं.
आमच्याकडे त्याला पासच म्हणतात.
इंग्रजीतून आलाय म्हणे,
वाटेत कुठे भिजला कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी बाईंनी शिकवलं:
बोलायचं नाही, करंगळी वर करायची.

आई, नरसव्वा येमूल, कार्ड नंबर चारशे बारा,
याच शब्दासाठी रोज रांगेत उभी राहायची.
टोपलीत हजार विड्या, वर ओलं फडकं,
पुढे कारखान्याची खिडकी.
चेकर मूठभर उचलायचा, अंगठ्यानं दाबत जायचा,
न बघता, मागच्या माणसाशी क्रिकेट बोलत.
ही पोकळ. ही आखूड. ह्या ढिल्या.
छाट मोडून एका बाजूला.
"बाकी पास."
तेव्हा कुठे आई श्वास सोडायची,
आणि मोडलेल्यांकडे एकदा बघून घ्यायची.
त्यांचे पैसे नाहीत,
पान-तंबाखू मात्र तिच्या नावावर.
"अम्मा, चेकरला कोण पास करतं?"
ती म्हणाली, कात्री दे.

नानांचा पास गिरणीच्या फाटकाचा.
फाटकाला कुलूप पडून वीस वर्षं झाली,
पास अजून पत्र्याच्या डबीत,
फोटोतली मिशी काळी.
मग रिक्षा घेतली. पासिंगच्या दिवशी
पुढच्या काचेला हार, दिवे, ब्रेक, हॉर्न
सगळं साहेबाला दाखवून यायचे
आणि म्हणायचे, "गाडी पास झाली, ड्रायव्हरचं कोण बघतंय?"
दर वर्षी, तेच, नवं सुचल्यासारखं.

दहावीला गणितात पस्तीस.
गल्लीत पेढे वाटले. आईनं हळूच विचारलं,
"छाट किती?"
म्हटलं, पासष्ट.
ती मटकन खालीच बसली.

शेजारच्या दिलशादचाचीकडे मात्र
या शब्दाला परीक्षा नव्हती, खिडकी नव्हती.
विड्यांचं सूप मांडीवरून उतरवून म्हणायची,
"आ बेटा, मेरे पास बैठ."
बसलं की संपलं.
मराठीतही आहे तसा एक, जुना,
पण एकटा फिरत नाही.
कधी जवळचं बोट धरून येतो,
कधी आसचं.

गेल्या मार्गशीर्षात आईची उजवी बाजू गेली.
सिव्हिलमध्ये खाट क्रमांक नऊ.
सगळी भाषा गेली: घरची तेलुगू,
रांगेतली मराठी, मंगळवारच्या बाजारापुरतं कानडी.
डॉक्टर म्हणाले, होतं असं, एखादाच शब्द उरतो.
"पास," आई म्हणाली.

मी भांडं आणलं. नको.
म्हटलं, "हजारच्या हजार पास, अम्मा, एकही छाट नाही."
तिनं अशी बघितलं जणू मी खोटं बोलणारा चेकर.
खुर्ची ओढून अगदी खाटेला टेकवली.
"पास."
आलो की गं, आणखी किती?
नाना दारात उभे, खिशात ती डबी,
वॉचमननं भेटीच्या वेळेचा पास मागितला म्हणून
गिरणीचाच दाखवून आत आलेले.

मग तिचा डावा हात आला चाचपडत.
माझी बोटं तिनं मुठीत धरली, जुडीसारखी,
अंगठ्यानं एकेक दाबत गेली.
तर्जनी. मधलं. अनामिका.
करंगळीशी थांबली,
ती तेवढी वेगळी काढली, वर धरली.
"पास."

छाट म्हणाली,
की हिंगमिरेबाईंच्या वर्गातलं
मी घरी येऊन तिला शिकवलं होतं, ते?

मी उठलो. पुन्हा भांडं आणलं.
या वेळी हवं होतं.